टोपण

बिलावरची सातवी ओळ:
पारदर्शक टोपण, नग एक.
करडेकाकांचा मुलगा तिच्यावर बोट ठेवून विचारतो,
"एवढंसं प्लास्टिक, आणि त्याचे एवढे?"
काउंटरवाली मला वरून बोलावून घेते.
मी स्कोपरूममधली, बिलातलं मला काय कळणार.
टोपणातलं कळतं.

सकाळी सव्वासातला मीच ते चढवलं,
नळीच्या काळ्या नाकावर, दोन बोटांनी फिरवत,
चार मिलिमीटर पुढे राहील असं.
फार पुढे गेलं तर पडद्याला काळी कड येते,
मागे राहिलं तर असून नसल्यासारखं.
काका डाव्या कुशीवर पडून बघत होते.
तांबट आळीतले. हातांवर भट्टीचे जुने डाग.
सिंहस्थात गंगेचं पाणी भरून न्यायचे तांबे
किती ठोकले त्याचा हिशोब नाही, म्हणाले,
डावा कान त्यातच गेला.
बरं झालं, इथे डावाच खाली येतो.
कालपासून पोटात नुसतं ते खारट पाणी;
"एकादशीला निदान भगर तरी असते, बाई."
मग टोपणाकडे हनुवटी करून, "हे कशाला?"

आतड्याला आतून घड्या असतात, काका.
घडीच्या मागचं दिसत नाही.
हे घडी दाबून धरतं.

"हां. हंड्याच्या खांद्याखाली असंच.
वरून बघणाऱ्याला हंडा साफ.
आत हात घालून बोट फिरवलं की मग"
आणि औषध लागलं, वाक्य तिथेच राहिलं.

जाताना काही नाही. टोकापर्यंत गेलो.
बेळे मॅडम परत फिरल्या, सावकाश:
घडी, दाब, बघ.
घडी, दाब, बघ.
यकृताजवळच्या वळणावर टोपणाची कड टेकली,
उशी कलावी तशी घडी कलली,
आणि मागे तो.
चपटा, फिकट, आपलं काही काम नसल्यासारखा बसलेला.

"निळं दे."
मी सुई पुढे केली. खाली पाणी भरलं
तसा तो वर आला, तव्यावरच्या पोळीला फुगा यावा तसा.
शेजारची घडी टोपणानं अडवून ठेवलेली,
एरवी दर श्वासाला ती आडवी येते
आणि फास सटकतो.

फास माझ्या मुठीत असतो. हे कोणाला ठाऊक नसतं.
नेम मॅडमचा, आवळते मी.
"बंद कर. हळू. अजून. थांब."
तारेतून हाताला कळतं, किती धरलंय.
"काप."

नऊ मिलिमीटर. डबीत टाकला, झाकण लावलं.
करडे, विश्वंभर रामकृष्ण, वय एकसष्ट.
नाव टाइप केलं तर संगणकानं जुनी नोंद वर आणली:
तीन वर्षांपूर्वी. हीच खोली.
तपासणी पूर्ण. काही आढळले नाही.
सहाय्यक, आणि पुढे माझं नाव.

त्या दिवशी टोपणं संपली होती का?
की तेव्हा आम्ही ती फक्त अवघड माणसांना लावायचो
आणि हे सोपे वाटले?
मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या,
"तेव्हा होता की नव्हता, आता कोण सांगणार?
नंतरही उगवतो."
खरंय. नंतरही उगवतो.
टोपण मी लाल पिशवीत टाकलं
आणि पिशवीचं तोंड जरा जास्तच घट्ट बांधलं.

आता काउंटरवर मुलाचं बोट अजून सातव्या ओळीवर.
मुंबई नाक्याचे हॉर्न काचेतून आत येतायत.
मी सांगते: घडी, मागची बाजू, नऊ मिलिमीटर,
रिपोर्ट आठ दिवसांनी.
तो ऐकतो. पाकीट काढतो. पुन्हा ठेवतो.

व्हीलचेअरवर काका, डोळे अर्धे मिटलेले,
मला वाटलं गुंगीत आहेत.
त्यांनी मान वळवली, उजवा कान माझ्याकडे केला.
"मागच्या वेळी लावलं होतं का ते?"

"नाही," मी म्हटलं.
काउंटरवरचा फोन नेमका तेव्हाच वाजला.
तो थांबेपर्यंत थांबले.
मग जवळ गेले, वाकले,
आणि त्या कानाशी पुन्हा म्हटलं.